पैकीच्या पैकी गुण मिळालेला धडा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि खरं सांगायचं तर दमलो आहे. माझ्या झाकणाचं एक बिजागर तुटलं आहे. पंखा धाप लागल्यासारखा घरघरतो. कर्नाटकातल्या बाजारकुणंगच्या बाजूच्या एका वाडीत, भिंतीतल्या फळीवर मी पडून असतो. सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. एक हकिकत आहे, तेवढी ऐका.

माझी पहिली पाच वर्षं बेळगावच्या एका कचेरीत गेली. नवी यंत्रं आली तशी आमची रवानगी कपाटात झाली. तिथून मला नारायणने आणलं. नारायण जोयड्याहून, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, वाड्यांपर्यंत जीप चालवतो. त्याने मला आणलं ते आपल्या थोरल्या बहिणीसाठी, सुमंगलासाठी.

सुमंगला तेव्हा चौतीस वर्षांची होती. गावच्या शाळेत नऊ वर्षं ती अतिथी शिक्षिका होती. मुलं कमी झाली, शाळा बंद झाली, तिची नेमणूकही संपली. मग तिने घरी राहूनच एम.ए.ला नाव घातलं. विषय होता इन्स्ट्रक्शनल डिझाइन. तिचे वडील, झिलूआबा, अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे काय गं ते?"

"कुणाला काय शिकवायचं, कशाच्या आधी काय सांगायचं, आणि त्याला ते आलं का न्हाई हे कसं बघायचं, ते शिकायचं, आबा."

"मग शाळेत नऊ वर्सं काय करत हुतीस?"

सुमंगला हसली.

दोन वर्षं आम्ही दोघांनी कष्ट काढले. घरात नेटवर्क नाही, म्हणून ती मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या माळावर नेई. तिथे एका सपाट दगडावर बसून तास ऐके, निबंध पाठवी. माळावर वीज नाही, त्यामुळे माझा जीव तासाभरात संपे. पाठवलेला निबंध अर्ध्यावर अडके, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून येई. तिच्या टाचांना भेगा पडल्या, माझी बटणं गुळगुळीत झाली.

शेवटच्या सत्रात एक पूर्ण धडा तयार करून तो खऱ्या माणसांवर पडताळून बघायचा होता. सुमंगलाने विषय घेतला साप चावल्यावर काय करावं हा. भातकापणीत इथे कुणाला तरी साप चावतोच. तीन आठवडे खपून तिने चित्रं हलती केली, आवाज घातला, प्रश्न घातले. बरोबर उत्तराला हिरवी खूण उमटे. हुबळीची तिची वर्गमैत्रीण प्रियांका म्हणाली, "असा धडा आमच्यात कुणाचाच नाही." मित्रांनो, मला फार अभिमान वाटला. माझ्या पडद्यावर इतकं देखणं काही कधी उमटलं नव्हतं.

शेजारच्या काशीमावशीच्या अंगणात सहा बायका जमल्या. मला स्टुलावर मांडलं. एकेकीने धडा बघितला, प्रश्नांची बटणं दाबली. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. सुमंगलाने माळावर जाऊन तिच्या मार्गदर्शक सावित्रीबाईंना आनंदाने फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "गुण मला सांगू नकोस. साप चावला असं समजून त्यांना करून दाखवायला सांग. मग मला कळव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या बायका आल्या. सुमंगला म्हणाली, "मावशी, आत्ता हितं लाडूच्या पायाला साप चावला. काय करशीला, करून दाखवा."

लाडू म्हणजे काशीमावशीची सून. ती खाली बसली मात्र, एकच धांदल उडाली. एकीने दोर आणून तिची पोटरी करकचून आवळली. दुसरी, जखम चिरायची म्हणून, कोयती शोधायला धावली. तिसरी लाडूला उठवून चालवत रस्त्याकडे नेऊ लागली. "फोन लावा की गं!" असं मावशी ओरडली, पण त्या अंगणात फोन कधीच लागत नाही. जे करू नका म्हणून मी काल हलत्या चित्रांत सांगितलं होतं, ते सगळं झालं.

सुमंगलाने लाडूच्या पोटरीचा दोर सोडवला. "काल तर समद्यांनी बरोबर सांगितलंसा!"

"अगं पोरी," काशीमावशी म्हणाली, "काल बटण दाबायचं हुतं, ते दाबलं. हितं बटण कुठं हाय?"

धडा पाठवायला चार दिवस राहिले होते. बंगळूरच्या एका कंपनीने सुमंगलाची निवड जवळजवळ केली होती. जूनपर्यंत पदवी हातात हवी, एवढीच अट होती. नारायण म्हणाला, "अक्का, हाय तसं देऊन टाक. गुण हायत की. पास व्हशील."

"मी पास हुईन रे. साप त्यांना चावणार हाय."

तिने धडा पाठवला नाही. सत्र पुढे ढकललं. जून गेला आणि ती नोकरीही गेली. त्या दिवसांत ती माझ्यासमोर बसे आणि काहीच न लिहिता माझं झाकण मिटून टाके. मी तिला काय सांगणार? तो देखणा धडा अजून माझ्याच पोटात होता.

मग तिने नवा धडा केला. त्यात पडदा नव्हताच. दर पंधरा दिवसांनी बायका शेताच्या बांधावर जमत. एक जण निजायची. बांबूची काठी लावून पाय फडक्याने बेताने बांधायचा, आवळायचा नाही. तिला चालू द्यायचं नाही. कांबळ्याच्या झोळीत घालून चौघींनी रस्त्यावर न्यायचं. माळावर फोन करायला कोण पळणार, नारायण नसेल तर जीप कुणाची, हे आधीच ठरलेलं. चुकलं की पुन्हा. बायका कंटाळत, सुमंगलाही कंटाळे, तरी पुन्हा. मी फळीवर मिटलेला असे. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटे.

कार्तिकात सुमंगला परीक्षेला धारवाडला गेली होती. भरदुपारी भात कापताना लाडूला खरोखरच साप चावला. हाताशी ना सुमंगला होती, ना मी.

चार दिवसांनी सुमंगला आली आणि हे ऐकताच हातातल्या पिशवीसकट काशीमावशीकडे धावली. परतली तेव्हा मावशी सोबतच होती. ओट्यावर बसून मावशीने झिलूआबांना सगळं पुन्हा सांगितलं. कुणी दोर आणला नाही. कुणी कोयतीला हात लावला नाही. लाडू रडत होती, तरी तिला उठू दिलं नाही. झोळी, माळ, जीप, जोयड्याचं इस्पितळ, तिथलं औषध. लाडू वाचली.

"मी असायला पायजे हुते गं," सुमंगला म्हणाली.

"न्हवतीस तेच बरं झालं. असतीस तर आमी तुझ्या तोंडाकडं बघत बसलो असतो."

सुमंगलाने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.

तिने हे सगळं माझ्यावरच लिहून काढलं, पहिला फसलेला धडाही जसाच्या तसा जोडला. पदवी मिळाली. नोकरीच्या तीन मुलाखतींत तिला विचारलं, "हलती चित्रं इतकी कमी का?" तिघांनीही नंतर कळवलं नाही. चौथ्या ठिकाणी, धारवाडच्या एका लहान संस्थेत, तिला लाडूबद्दल विचारलं. आता ती तिथे आरोग्यसेविकांसाठी धडे तयार करते. करार एका वर्षाचा आहे. पुढचं तिलाही ठाऊक नाही. तिथे तिला नवा लॅपटॉप मिळाला.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा माझी बॅटरी फुगलेली तिला दिसली. तिने स्क्रू काढून ती अलगद बाहेर घेतली, चुलीपासून लांब ठेवली आणि जाताना जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे द्यायला नेली. माझ्यावरची धूळ पुसली. घाईत होती, तरी पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं यंत्र थकलं तर त्याला केरात फेकू नका, जाळू नका; जिथे नीट सुटं करतात तिथे पोहोचवा. आणि कुणाला काही शिकवलंत, तर "कळलं का?" एवढं विचारून उठू नका. माणूस भिडेपोटी हो म्हणतो. जरा थांबा, आणि त्याचे हात काय करतात ते बघा.