मागच्या खोलीतले निरोप

चष्म्याच्या दुकानात समोर काउंटर आणि मागे एक खोली. काउंटरवर ती बसायची, मागच्या खोलीत नवरा. तिथे काचा घासायचं यंत्र होतं, आणि ते एकदा सुरू झालं की माणसाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही. नवरा मुळात ओरडणाऱ्यातला नव्हता. हाक मारायची तर यंत्र थांबवायचं, आणि मधेच थांबवलं की काचेवर चरा उठायचा. म्हणून त्याने एक सोय काढली होती. त्याच्या टेबलावर संगणक होता, तिच्या काउंटरवरही होता. तो तिला मेल करायचा.

"चहा." "गेला का तो कटकट्या?" "डबा उघडतोय, ये." हाकेच्या अंतरावर बसलेल्या बायकोला मेल! धाकटा दीर म्हणायचा, "दादा-वहिनींचा संसार टपालखात्यावर चाललाय." हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून या दोघांनी आपलं चालूच ठेवलं.

तिने मात्र त्या मेलना कधी उत्तर दिलं नाही. चहा नेऊन ठेवला की तेच उत्तर. मग परत काउंटरवर यायचं आणि तो मेल पुसून टाकायचा, काचेवरचा बोटांचा डाग पुसावा तसा. पुसला म्हणजे काम झालं, दिसतोय म्हणजे बाकी आहे. इतकी वर्षं हा नेम चालला, आणि त्यामुळे तिच्या संगणकात नवऱ्याचं एक अक्षर उरलं नव्हतं.

आणि आता नवराही उरला नव्हता. जेवून उठला, छातीवर हात ठेवला, पाणी दे म्हणाला, आणि पाणी येईपर्यंत संपलं.

तेव्हापासून ती रडली नव्हती. नणंद कानाशी येऊन सांगून गेली, "रड गं बाई, मोकळी हो." तिची रडायला हरकत नव्हती, पण येतच नव्हतं त्याला काय करणार? दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ असतो, पण आपला वाटत नाही. तिचं सगळं अंगच तसं झालं होतं. लोक विचारायचे, ती "हो" म्हणायची. जेवलीस का? हो. दुकान विकून टाकायचं? हो. यंत्रासकट? हो. नंदीबैलाला तरी मान हलवायचे कष्ट पडतात, तिला तेवढेही पडत नव्हते.

दुकान घेणाऱ्याला यंत्र हवं होतं, आणि यंत्राला जोडलेला मागच्या खोलीतला संगणकही. "आतलं सगळं पुसून, कोरा करून द्या," असं त्याने बजावलं होतं. उद्या तो ताबा घ्यायला येणार होता. त्या संगणकात नवऱ्याचा मेलचा प्रोग्राम होता, इतका जुना की बनवणाऱ्यांनीही त्याला वाऱ्यावर सोडलेला. आलेलं-गेलेलं सगळं टपाल त्याच संगणकाच्या पोटात होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. म्हणून दीर आपला एक लॅपटॉप घेऊन आला. त्यात नवा मेल प्रोग्राम घातला, भावाचा पत्ता जोडला आणि बाह्या सरसावून बसला.

"काय काय न्यायचं, वहिनी?"

"गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर," ती म्हणाली, "आणि ह्यांनी मला पाठवलेले."

"ते तुमच्याकडे असतील की."

"मी पुसले."

"सगळे?"

"काम झाल्यावर ठेवून काय करायचं, भाऊजी?"

दिराने जुन्या संगणकावर हात ठेवला. "म्हणजे आता फक्त इथेच आहेत. उद्या हा संगणक कोरा झाला की गेलेच म्हणायचे."

"म्हणून तर म्हणते."

नवरा गेल्यापासून तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. ती कशाला हवी, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. त्याचं बोलणं होतं ते, चहा आणि डबा एवढंच असलं तरी त्याचंच होतं, आणि ते भंगारात जाऊ नये एवढं तिला कळत होतं.

काम म्हणावं तितकं सोपं निघालं नाही. जुन्या प्रोग्रामला नव्याची भाषा कळेना. आधी एकेक फोल्डर बाहेर काढायचा, पेनड्राइव्हवर घालायचा, लॅपटॉपवर उतरवायचा, आणि मग माउसने ओढून आपल्या जागी नेऊन सोडायचा. पहिल्या खेपेला सगळ्या मेलवर आजचीच तारीख पडली. दुसऱ्या खेपेला अक्षरं गायब, नुसते चौकोन.

"दादाचं अक्षर असंच होतं म्हणा," दीर म्हणाला. तो डोळे पुसायला लागला तेव्हा ती शेजारी उभी राहून बघत होती. पुढे होऊन पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला जमलं. एक शेवटचा फोल्डर राहिला, नवऱ्याने पाठवलेल्या मेलचा, आणि नेमका दुकान घेणाऱ्याचा फोन आला.

"एवढा ओढून खालच्या 'पाठवलेले'वर सोडा, वहिनी. मी आलोच," म्हणत दीर रस्त्यावर गेला.

आता, दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, पण तिचा स्वतःचा चष्मा बदलायचा राहिला होता. नवरा आठवण करायचा, ती "बघू" म्हणायची. त्या जुन्या चष्म्यातून लॅपटॉपवरच्या बारीक ओळी एकमेकींत मिसळत होत्या. तिने फोल्डर ओढला आणि सोडला, तो एक ओळ वर. तिथे जायचं बाकी असलेलं टपाल पडतं. प्रोग्रामने सभ्यपणे विचारलं, हे सगळे निरोप पाठवायचे का? तिने न वाचताच "हो" दाबलं. गेले कित्येक दिवस ती दुसरं काही म्हणतच नव्हती.

मग ती पुढे येऊन काउंटरवर बसली. फ्रेमांना कागद गुंडाळायचे होते.

टिंग झालं. तिने मान वळवली. काउंटरवरच्या संगणकावर एकच शब्द होता: "चहा."

ती उठली. पडद्याआडच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, दोन कप पाणी घातलं, एका कपात साखर, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा कप घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि नेहमीच्या कोपऱ्यात, यंत्राचा धक्का लागणार नाही असा ठेवला. परत येऊन मेल पुसायला बोट उचललं, तेवढ्यात खाली दुसरा आला, तिसरा आला. "डबा उघडतोय, ये." "त्या बाईंना ती फ्रेम शोभत नाही. सांग, पण जपून." बोट तसंच वर राहिलं.

दुकानाचा फोन वाजला. एक म्हातारे मास्तर बोलत होते. "माझा चष्मा तयार झालाय म्हणून तुमच्या मालकांचा निरोप आलाय. पण तो तर मी केव्हाच नेला हो, आणि बसमध्ये हरवूनही झाला!"

दीर आत येता येता हे ऐकून थबकला. मागच्या खोलीत धावला आणि तिथूनच ओरडला, "वहिनी, अहो, सगळे परत सुटलेत! गिऱ्हाइकांनासुद्धा! थांबा, नेट तोडतो."

"हरवतायत का?"

"हरवत नाहीत. गेले की प्रत आपसूक 'पाठवलेले'त पडतेय. पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांगेन," ती म्हणाली. "तोडू नका."

दिराने नेट तोडलं नाही. तिने एवढं ठाम बोललेलं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

टिंग. "तुझा चष्मा कधी करायचा? माझ्या हातून होऊ दे." टिंग. "गेला का तो?" टिंग. "चहा." ती एकही पुसत नव्हती. एकाखाली एक साचत गेले, सगळी कामं बाकी. मग एक आला: "रागावलीस का? चहा नाही आला."

कुठल्या दिवसाचा, तिला आठवेना. कशावरून रागावली होती तेही आठवेना. तिने चष्मा वर सरकवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मेलखाली लिहिलं, "नाही. ठेवलाय तिथे." आणि पाठवून दिलं.

मागच्या खोलीत लॅपटॉप वाजला.

"वहिनी," आतून दिराचा आवाज आला, जरा चाचरत, "दादाला मेल आलाय. उघडू?"

"राहू द्या, भाऊजी," ती कागद गुंडाळत म्हणाली. "हे आले की बघतील."

बोलून झाल्यावर तिने स्वतःचे शब्द ऐकले. हातातली फ्रेम तिने खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरला. मग ती मोठ्याने, गळा काढून रडायला लागली, इतक्या मोठ्याने की यंत्र सुरू असतं तरी मागे ऐकू गेलं असतं.