खंडेनवमीला पूजेला बसवलेले कार्ड

मी एक जुना पुठ्ठ्याचा तुकडा आहे. रंग मातकट, कडा दुमडलेल्या आणि अंगभर हळदीचे डाग. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असेल. तसे नाही. मी नोकरी गेलेल्या माणसाचे नोंदणीचे कार्ड आहे. माझ्यावर त्याचे नाव, त्याचा धंदा आणि एक नंबर लिहिलेला आहे. तो नंबर आता कशाच्याही कामाचा नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. शंभर भावंडांबरोबर गठ्ठ्यात बांधून मला कोल्हापुरातल्या शाहूपुरीत एका माडीवर आणले. बेकार माणसांची नावे नोंदवून घेणारे सरकारी ऑफिस तिथे नुकतेच उघडले होते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन वर्ष उलटले होते. दरबारची कितीतरी कामे बंद पडली होती. परवापरवापर्यंत दरबारी नोकर म्हणून ताठ मानेने फिरणारी माणसे त्या माडीच्या जिन्यावर रांग लावून उभी असायची. गठ्ठ्यात मी वरून अडतिसावा होतो, म्हणून माझ्या वाट्याला अडतीस नंबर आला. यात माझी काडीचीही कर्तबगारी नव्हती, तरी मला त्याचा फार गर्व वाटे.

माझा मालक पिराजी जवळच्याच उचगावचा. दरबारच्या पागेत त्याने अठरा वर्षे घोड्यांची खोगिरे शिवली होती. पागा मोडली आणि तो घरी बसला. खिडकीआड गणपतराव नावाचे कारकून होते. त्यांनी विचारले, "पावणं, धंदा काय लिहू?"

"खोगीर शिवतो मी."

"छापील यादीत खोगीर न्हाय. मजूर लिहू का?"

"मजूर कसा? हात बघा की माझं!" असे म्हणत पिराजीने दोन्ही हात खिडकीतून आत घातले. मेणाचा दोरा ओढून ओढून बोटांना खाचा पडल्या होत्या. गणपतराव हसले आणि त्यांनी ठळक अक्षरात 'खोगीर शिवणारा' असे लिहिले. गणपतराव माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही उगाच त्यांच्यावर चिडाल.

मग त्यांनी मला उलटे केले आणि समजावून सांगितले. दर दोन महिन्यांनी यायचे आणि मागच्या बाजूला शिक्का मारून घ्यायचा. शेवटची तारीख चुकली की नाव बाद. पुन्हा नोंदवले तर नंबर सगळ्यांच्या मागे. आणि नोकरीचे बोलावणे यायचे ते नंबरानेच.

पिराजीने मला धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. तीनदा तो चालत शाहूपुरीला आला आणि तीनदा माझ्या पाठीवर शिक्का बसला. बोलावणे मात्र आले नाही. त्याची बायको बयाबाई दुसऱ्यांच्या मळ्यात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जाऊ लागली. ती दिवसभर उन्हात आणि आपण सावलीत, याची पिराजीला मनस्वी लाज वाटे. तो चामडे टोचायची आरी आणि कापायची रापी तेल लावून पुसत बसे, आणि पुसून झाली की पुन्हा पुसे. मी ट्रंकेत पडून ते ऐकत असे. मला काहीच करता येत नव्हते.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत उचलायची नाही, ही पिराजीच्या घरची रीत होती. सकाळी त्याने आरी, रापी आणि हातोडी धुऊन पाटावर मांडली. मग ट्रंक उघडून मला बाहेर काढले.

"त्ये कशाला?" बयाबाईने विचारले.

"वरीसभर ह्या आरीनं काय दिलं? आता माझं हत्यार ह्येच की."

त्याने मला मधोमध ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले. मित्रांनो, पुठ्ठ्याच्या तुकड्याला असा मान कुणी दिला आहे का? मी फुलून गेलो होतो. आणि त्याच वेळी आतून घाबरलो होतो, कारण पुढच्या शिक्क्यासाठी माझ्या पाठीवर लिहिलेली शेवटची तारीख नेमकी त्याच दिवसाची होती.

पिराजी तारीख विसरला नव्हता. पण अठरा वर्षे दरबारात त्याने एकच पाहिले होते. खंडेनवमीला कुणी कामाला हात लावायचा नाही. सरकारी कचेरी म्हणजे ती बंदच असणार, असे तो धरून चालला होता. दसरा झाला की जाऊ, शिक्का कुठे पळून जातो, असे तो बयाबाईला म्हणालाही होता.

दुपारी तीनच्या सुमाराला शेजारचा आकाराम शाहूपुरीत गूळ पोचवून परत आला. दारातूनच ओरडला, "पिराजी, अरं तुझं हापिस चालू हाय की! मानसं शिक्कं मारून घ्यायल्यात."

"खंडेनवमीला?"

"मुंबैचं सरकार हाय आता. माझी सायकल घे, पाचाच्या आत पोचतोस."

बयाबाई धावत आली. "उचला की वो. कागूद हाय त्यो. मी देवाजवळ नाक घासून माफी मागते."

पिराजीने हात पुढे केला. त्याची बोटे माझ्या कडेला लागली. उचल, उचल, असे मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो, पण पुठ्ठ्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? त्याने हात मागे घेतला.

"न्हाय. पूजा मोडून मागाय जायचं आनि त्याला येश यायचं व्हय? लागायची नोकरी बी जाईल."

बयाबाईने कपाळावर हात मारून घेतला. आकाराम सायकल धरून दारातच उभा राहिला. पाच वाजले, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, तेव्हा तो सायकल घेऊन घरी गेला. पिराजीने मला उचलले नाही ते माझ्यावरच्या श्रद्धेने. त्याच्यावर रागवावे तरी कसे?

दसऱ्यानंतर ऑफिस उघडले तेव्हा तो आपट्याची पाने घेऊन गेला. "सोनं घ्या साहेब," म्हणाला. गणपतरावांनी पाने घेतली आणि रजिस्टर उघडून त्याच्याकडे फिरवले. पिराजीच्या नावावर तांबडी रेघ होती.

"पिराजी, मी बी शिक्क्याला हार घातलता," ते हळूच म्हणाले. "धा वाजता साहेब आले, म्हणाले कामाला लागा. उचलला. काय करणार?"

मग त्यांनी एक अर्ज काढला. उशिराचे कारण वरच्या साहेबांना पटले तर जुना नंबर परत मिळत असे. "आजारी होतो म्हणून लिहा. डॉक्टरचा दाखला मी बघतो."

"मी तर धडधाकट होतो. सोवळ्यानं पूजा केली. आजारी होतो असं कसं लिवू?"

"अवो, नोकरी पाहिजे का न्हाय तुमाला?"

"पायजे की. म्हणून तर पूजा केली."

गणपतरावांनी हात टेकले. कारणासाठी अर्जावर एकच ओळ होती. पिराजीने तिच्यात वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिले, 'कार्ड पूजेस मांडले होते.' मला टाचणीने त्या अर्जाला जोडले आणि पुढे पाठवले.

मी मोठ्या ऑफिसात एका ढिगाखाली पडून असताना इकडे शाहूपुरीत एक कागद आला. सरकारी घोड्यांच्या तबेल्यात खोगिरे दुरुस्त करणारा एक माणूस हवा होता. एकच. गणपतरावांनी तो कागद दोन दिवस टेबलावर दाबून ठेवला, माझ्या अर्जाचे काय झाले म्हणून दोन पत्रे लिहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, तेव्हा त्यांना दुसऱ्या माणसाचे नाव कळवावे लागले. पुढे मी परत आल्यावर हे सारे पिराजीला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

मी परत आलो तो अर्जासकट. अर्जावर शिक्का होता, 'कारण समाधानकारक नाही.' माझ्यावर होता, 'रद्द.' पिराजीला नवे कार्ड मिळाले, त्याचा नंबर सहाशे अकरा. तो आता आकारामबरोबर गुळाच्या ढेपा उचलतो. बयाबाईने मला चुलीत घालायला घेतले होते. त्याने घालू दिले नाही.

मित्रांनो, कागदाला नमस्कार केलात तरी चालेल, पण त्याआधी त्याच्यावरची तारीख पाळा. हे मी पिराजीसारख्यांना सांगतो. पण तुमच्यातले काहीजण शिकतील, मोठे होतील आणि एखाद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतील. माझी खरी विनवणी त्यांना आहे. बाहेरचा माणूस खोटे बोलला असता तर त्याला काम मिळाले असते, आणि तो खरे बोलला म्हणून मिळाले नाही, असे तुमच्या हातून होऊ देऊ नका.