डुलत्या खुर्चीने ऐकलेली स्पॅनिश

मित्रांनो, मी एक जुनी डुलती खुर्ची आहे. कॅलिफोर्नियात, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांमधल्या एका बालवाडीत माझं आयुष्य गेलं. आता खालची पट्टी तडकली आहे, डुलणं थांबलं आहे. बोलायचाही शीण येतो. पण एवढं सांगते.

एउलालिओ सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं, बायकोने तान्ह्याला घेऊन बसावं म्हणून. मुलं मोठी झाल्यावर त्याने मला बालवाडीला दिलं. तिथे ओफेलियाबाई माझ्यावर बसायच्या आणि मला झोका द्यायला मुलं भांडायची.

बाईंचे आईवडील मेक्सिकोचे. स्पॅनिश त्यांच्या घरचीच. पण वर्गात त्यांना नकळत एक सवय जडली होती. गोष्ट, गाणं, प्रश्न सगळं इंग्रजीत. स्पॅनिश निघायची ती "खाली बस", "हात धू", "रडू नकोस" एवढ्यापुरती. रोज तेच ऐकून माझं लाकूडही थकायचं.

त्या वर्षी यारेत्सी आली. आई मळ्यात स्ट्रॉबेरी तोडायची. पोर सांगितलं की बसायची, सांगितलं की हात धुवायची; बोलायची मात्र नाही. हिवाळा संपत आला तेव्हा शहरातून तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी चित्रं दाखवून इंग्रजीत नावं विचारली. यारेत्सी गप्प.

"हिला बोलण्याची अडचण आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून दुसऱ्या गावच्या खास वर्गात पाठवू."

आई रडकुंडीला आली. "घरी हिचं तोंड मिटत नाही हो, बाई."

"सगळ्याच आया असं म्हणतात," ओफेलियाबाई थकून म्हणाल्या.

शुक्रवारी मुलं जेवत होती. बाई माझ्यावर अंग टाकून स्वयंपाकाच्या चायोमावशींशी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या.

"काल सासूबाईंनी तामाले, ते मक्याच्या पिठाचे उंडे, वाफवायला ठेवले आणि पातेलं करपवलं. वर म्हणतात, शेगडीच वाईट."

"मग शेगडी बदल. सासू काही बदलता येत नाही," मावशी म्हणाल्या.

"पातेल्यात नाणं नव्हतं टाकलं?" खालून स्पॅनिशमध्येच आवाज आला. यारेत्सी होती. "माझी आजी टाकते. पाणी उकळतंय तोवर ते खडखडतं, खडखड थांबली की पाणी संपलं. एकदा आजोबा फुटबॉल बघत बसले, त्यांना कळलंच नाही. मग आजीने करपलेले तामाले त्यांनाच वाढले. कुत्र्याने नाही खाल्ले, आजोबांनी खाल्ले."

बाईंनी मला पाय टेकून थांबवलं. "अगं, तू इतके दिवस का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणता, हात धू. मी धुते," यारेत्सी म्हणाली. "त्यावर काय बोलायचं?"

बाईंनी तपासणीच्या बाईंना परत बोलावलं आणि यारेत्सीला स्वतः स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारले. यारेत्सी इतकी बोलली की पाहुण्याच घड्याळ बघू लागल्या. खास वर्ग टळला.

पुढे बाई स्पॅनिशमध्येही गोष्टी सांगू लागल्या. रोज नाही, दमल्या की जुनी सवय परतायची. त्या निवृत्त झाल्या आणि मी बाहेर व्हरांड्यात आले. माझ्यावर मुलांचे कोट टाकतात.

नवी शिक्षिका मायाळू आहे. दारातून तिची स्पॅनिश ऐकू येते. बस. हात धू. रडू नकोस. मग इंग्रजीत गोष्ट सुरू होते आणि कोपऱ्यातलं एक लेकरू मुकाट ऐकत राहतं.

मित्रांनो, माझी पट्टी नाही जोडली तरी चालेल. मला आता विसावाच बरा. फक्त आत जाऊन कुणीतरी त्या लेकराजवळ बसा आणि त्याच्या घरच्या भाषेत विचारा, काल तुमच्याकडे काय काय झालं?