वाळूतला जावई

“तुमचा जावई नदीत पालथा पडलाय, जाऊबाई. अंगावर गोणपाट घिऊन!” चांगुणानं दारातूनच सांगितलं, आणि तेही असं, की ओसरीवर बसलेल्या भावकीतल्या ठार बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावं.

मी धोंडे वळत होते. दोन्ही हात पुरणानं भरलेले, नाहीतर त्याच हातांनी तिचं तोंड बंद केलं असतं. चांगुणा माझी धाकटी जाऊ. देवानं तिला जीभ दिली, लगाम द्यायचा मात्र राहून गेला.

“पडलं न्हाईत, बसल्यात,” मी म्हटलं. “पाखरू बघत्यात.”

“कंचं?”

“टिटवी.”

“अगं बया! धोंड्याच्या दिवशी टिटवी? दुसरं पाखरू मिळंना व्हय त्यास्नी?”

खरं सांगायचं तर टिटवी म्हणजे अपशकुन, हे मीही मानत होते. त्या साली अधिक महिना वैशाखात आला होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, त्यानं पहिला घास घेतला की मग भावकीनं ताटाला हात लावायचा. माझ्या दारातून पुणतांब्याचा एकही माणूस कधी उपाशी उठलेला नाही, आणि आज सगळी पंगत ओसरीवर बसून एकमेकांच्या टोप्या न्याहाळत होती.

जावई माझे गहिनीनाथ. राहुरीच्या शाळेत सायन्सचे मास्तर. पण शाळा सुटली की गळ्यात दुर्बीण अडकवून जे निघायचे, ते थेट काळोखातच घरी. मासिकांतून पाखरांवर लिहायचे आणि आता मोठं पुस्तक लिहायला घेतलं होतं. चांगुणाचा जावई साखर कारखान्यात चिटबॉय, शेतोशेत उसाच्या नोंदी करणारा, राजदूत फटफटीवरून यायचा. माझा जावई आला की चांगुणा विचारायची, “पाखरंमास्तर चालत आलं, का उडून आलं?”

मी छबूला म्हटलं, “जा, नवऱ्याला घिऊन ये.”

माझी लेक चुलीत फुंकर घालत राहिली. “मी न्हाई उठवनार त्यास्नी. दोन उन्हाळं वाट बघितलीया त्यांनी. पयल्या साली कुत्र्यानं अंडी खाल्ली, दुसऱ्या साली गाडीचं चाक गेलं वरनं. आज पिल्लं निघत्याल म्हनत हुते.”

“आन् माझी पंगत?”

“तू सांग की त्यांना. तुला भित्यात ते.”

हे मात्र खरं होतं. पदर डोक्यावर ओढला आणि निघाले.

वैशाखातली गोदावरी म्हणजे एका अंगाला बारीक धार, बाकी सगळी वाळू. वहाणेतूनही तळवे भाजत होते. लांब मधोमध तुराट्यांवर गोणपाट टाकून केलेली एक बुटकी खोप दिसली, कुत्र्यालाही मान वाकवून शिरावं लागेल अशी. मी मनात वाक्यं जुळवतच चालले होते. पहिलं वाक्य फार चांगलं जमलं होतं.

तोंड उघडणार, तोच गोणपाटाखालून दबका आवाज आला, “मामी, खाली बसा! वाकून मागनं या. बोलू नका.”

मला, राहीबाईला, बोलू नका! उभ्या जन्मात असं मला कुणी म्हटलं नव्हतं. त्या धक्क्यानंच मी खाली बसले आणि चार पायांवर रांगत आत शिरले. सासूनं जावयासमोर पदर सरकू द्यायचा नसतो. इथं माझं अर्धं लुगडं वाळूत लोळत होतं.

“पंगत बसलीया, बापू,” मी कुजबुजले.

“ठावं हाय, मामी. दुपारच्या आत यायचं बोललो हुतो. पन आता उठलो तर ती उडंल. वाळू तापलीया तव्यावानी. उघडी पडली तर अंडी शिजत्याल. लई जवळ आलंय. आतनं आवाज येतोय पिल्लांचा.”

“मग हे आधी ठावं नव्हतं?”

“सकाळी येत नव्हता आवाज,” ते ओशाळून म्हणाले. “आन् मला एक बघायचं हाय. लोक सांगत्यात, पुस्तकातबी हाय, की टिटवी पोट भिजवून येती आन् अंड्यांवर बसती. म्या कधी बघितलं न्हाई. दुसऱ्याचं वाचून माझ्या पुस्तकात लिहायचं न्हाई मला.”

मी गोणपाटाच्या भोकाला डोळा लावला. टिटवी ओरडली की अंगणातून तिला शिव्या घालणाऱ्यांतली मी. इतक्या जवळून तिला कधी पाहिलं नव्हतं. वाळूत साधा खळगा. त्यात मातकट ठिपक्यांची चार अंडी. वर पाखरू चोच वासून धापा टाकत उभं, आपली सावली अंड्यांवरून हलू देत नव्हतं.

आणि मग धारेकडून तिचा जोडीदार आला. लांब पिवळ्या तंगड्या टाकत, एखादा पुढारी सभेला यावा तसा. पोटाची पिसं चिंब, थेंब गळत होते. पहिलं बाजूला झालं, हे अंड्यांवर उभं राहिलं, पिसं फुलवली आणि हलके हलके बसलं. उठलेलं पाखरू पाण्याकडे चालतं झालं, आता आपली पाळी म्हणून.

“अगं माझे बाई!” माझ्या तोंडून निघालं.

जावयानं माझा हात घट्ट धरला होता. जावयानं, सासूचा! आणि ध्यान दोघांचंही नव्हतं.

मला एकदम छबूच्या वेळची बाळंतिणीची खोली आठवली. तीही वैशाखातलीच. पत्र्याखाली जीव चालला होता, तेव्हा माझी सासू दर घटकेला पातळ भिजवून आणायची आणि माझ्यावर पसरायची. कधी दोन शब्द गोड बोलली नाही, पण आडापर्यंतच्या तिच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

“बसा,” मी म्हटलं. “ऊन उतरस्तवर बसू.”

“मामी, पंगत?”

“पंगतीला सावली हाय.”

एवढं बोलले आणि काठावर चांगुणा उगवली. कमरेवर हात, आवाज टिपेला. “जाऊबाई! ओ जाऊबाई! जावयाला शोधाया गेल्या न् ह्याबी गडप! लोकं ताटकळल्यात! पाखऱ्या जावई, त्याची पाखरी सासू! अशी लाज काढली न्हवं आमच्या घराची!”

टिटवीनं मान ताठ केली. पाय आखडले. आता उडणार.

मी एक शब्द टाकला असता तर चांगुणा काठावरून थेट माहेरी गेली असती. असं उत्तर तयार होतं, की आजही आठवलं तरी जिभेला पाणी सुटतं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. जावई माझ्याकडे बघत होते. टिटवीकडे बघायचं सोडून माझ्याकडे! चांगुणा बराच वेळ माझा, माझ्या माहेराचा आणि माझ्या पुरणाचा उद्धार करत राहिली, मग थकून गेली. टिटवी पुन्हा अंग सोडून बसली. मी बोळा काढला.

“हे पुस्तकात लिवा,” मी म्हटलं. “टिटवीपक्षा हे अवघड हाय.”

गोणपाट हलायला लागलं, इतके जावई आवाज न करता हसले.

उन्हं कलता कलता टिटवीच्या पोटाखालून एक ओलं, मातकट पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं. अंग वाळतं न वाळतं तोच आपल्या पायांनी चालायला लागलं. चारही निघाली. पिल्लांना घेऊन जोडी धारेकडे गेली, तेव्हा आम्ही उठलो. माझे गुडघे काही लवकर उठले नाहीत. जावयांनी हात दिला.

ओसरीवर सगळे तसेच बसून होते. भावकीतले वडीलधारे भिमाजी खाकरले. “कुठं गेल्ता म्हनायचं, राहीबाई?”

“बाळंतपनाला.”

“कुनाच्या?” चांगुणा पुढं झाली.

“टिटवीच्या. चार लेकरं झाली. सगळी सुखरूप हायेत. तू काठावर हुतीस तवाच कळा चालू हुत्या, म्हून ओ दिली न्हाई.”

आधी भिमाजी हसले, मग सगळी ओसरी. म्हातारे तर मांड्या थोपटत होते. चांगुणानं तोंडाला पदर लावला, आणि मीही वाढवलं नाही. हसू तिलाही आलं होतं, ते मी पाहिलं.

जावयांना पाटावर बसवलं. छबूनं ओवाळणीचं ताट दिलं, मी ओवाळलं. केसांत वाळू, कोपरं सोललेली, पण चेहरा असा, की चिटबॉयची राजदूत त्यापुढं भंगारात घालावी. सगळ्यांची नजर त्यांच्या पहिल्या घासाकडे.

त्यांनी घास उचलला नाही. ताटावरचा हात तसाच ठेवून ते म्हणाले, “मामीबी सकाळधरनं उपाशी हायेत. दिसभर माझ्यासंगं हुत्या. त्या बसल्याबिगर मी खानार न्हाई.”

बाया पुरुषांच्या पंगतीत बसत नाहीत, त्यात यजमानीण, त्यात सासू. मी भिमाजींकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आपला पाट थोडा बाजूला सरकवला.

मी जावयाशेजारी बसले. छबूनं पुढं ताट मांडलं. चांगुणा तुपाचं भांडं घेऊन आली, माझ्या धोंड्यावर तुपाची धार धरली आणि मी पुरे म्हणेपर्यंत थांबली नाही. मी पुरे म्हणायला अंमळ उशीरच केला.