लॅमिनेशन केलेले पन्नास शेअर

ज्या कंपन्यांचे हिशेब आपली फर्म तपासते, त्यांचे शेअर तुमच्या घरात कुणाकडे आहेत का? हा प्रश्न दर जानेवारीत ऑफिसच्या फॉर्मवर यायचा आणि प्रियदर्शनी डोळे झाकून 'नाही' लिहायची. सलग आठ वर्षं. यंदा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, ती अकोल्याहून अमरावतीला घरी आली आणि तिच्या वडिलांनी, जानरावांनी, एक कागद तिच्या हातात ठेवला. लॅमिनेशन केलेला.

"तुह्या कंपनीचे पन्नास शेअर घेतले," ते म्हणाले. "शेजारच्या धर्मेंद्रनं मोबाइलवर घेऊन देल्ले. हे त्याचीच पावती."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस पोस्टाच्या बचतीपलीकडे कधी गेला नव्हता. डिसेंबरात प्रियदर्शनी अकोल्याच्या एका बियाणे कंपनीचे हिशेब तपासत होती. लॉजचं जेवण तिला बाधलं, म्हणून बाबा एसटीने डबा घेऊन थेट फाटकापाशी गेले. डबा दिला तो दिला, फाटकावरच्या बोर्डावरचं कंपनीचं नावही वाचून आले.

आता चूक नेमकी कुणाची, हेच तिला कळेना. फर्मने तिला काय कमी दिलं होतं? घरावरचा मजला त्याच पगारातून चढला. पिकल्या केसांचे डायरेक्टर तिला 'मॅडम' म्हणत. पण त्याच फर्मपायी ती चुलतभावाच्या लग्नात मंडपामागे लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि कंपनीचं साधं कॅलेंडर घरी न्यायची तिला चोरी होती. सोमवारी मॅनेजरपदाच्या बढतीची यादी लागणार होती आणि तिचं नाव जवळपास पक्कं होतं. 'होय' लिहिलं की चौकशी लागणार, नाव मागे पडणार. 'नाही' लिहावं तर ते धडधडीत खोटं, आणि लोकांचं खोटं पकडण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

"बाबा, हे विका लागतीन."

"कावून? कंपनी बुडून राहिली का?"

"नाई. चांगली हाये. पन हिशेब मी पाह्यते ना."

जानराव गोंधळले. "मी तं तू पाह्यतं म्हनूनच घेतले."

"घरचा पैसा असला का मानूस चुकीकडे कानाडोळा करते, म्हनून नियम हाये."

"तू केला असता?"

"नाई."

"मंग?"

नियम बरोबर होता. बाबाही बरोबर होते. आठ वर्षांच्या नोकरीत असा ताळा तिला कधी जुळवावा लागला नव्हता, आणि तिला सरळ रडू येत होतं.

"सोमवारी बाजार उघडला का इकून टाकतो," जानराव हळूच म्हणाले.

विकले तरी लिहावं लागणारच होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि 'होय'वर खूण केली. शेअर घेण्याचं कारण विचारलं होतं: गुंतवणूक, वारसा, भेट, इतर. तिने 'इतर' निवडलं आणि पुढच्या चौकटीत लिहिलं, 'वडिलांचा माझ्यावर विश्वास आहे.' ही कबुली झाली की तक्रार, हे तिचं तिलाच उमगेना. तरी तिने फॉर्म पाठवून दिला.

"मनीजर होशीन ना?"

"मालूम नाई, बाबा."

जानरावांनी तो कागद सदऱ्याच्या बाहीने पुसला. "शेअर इकतो. पन हा कागद तं ठेवता येते ना?"

प्रियदर्शनीने सगळे नियम मनात आठवून पाहिले. कागदाबद्दल कुठेच काही नव्हतं.

"ठेवा," ती म्हणाली.