दर गुरुवारी एक चूक

आमच्या गावाचं पत्रक मी काढतो. एकच कागद, पाठपोट. घाटात दरड पडली की रस्ता उघडला, पाणी किती वाजता सुटणार, कोणाची शेळी हरवली, कोण दवाखान्यातून घरी आलं, एवढाच मजकूर. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा शाळेनं टाकून दिलेलं सायक्लोस्टाइलचं यंत्र मागून घरी आणलं, त्याला पंचवीस वर्षं झाली. दर गुरुवारी दुपारी मी त्याचा दांडा फिरवतो. संध्याकाळपर्यंत घरोघरी पत्रकं जातात, आणि जे गाव सोडून गेले त्यांची टपालात पडतात. त्यातलं एक माझ्या लेकीला.

लेक दुसरीत असल्यापासून पत्रक तपासायची. "बाबा, टाकीला चौसष्ट नाहीत, त्रेसष्ट पायऱ्या आहेत. मी मोजल्यात." लगेच लाल पेन्सिलीचा गोल. तिच्या हातून काही सुटायचं नाही. बेकरीवाल्यानं तिचं नाव खोडरबर ठेवलं आणि गावानं ते उचललं. मी वरवर कुरकुरायचो, पण तिचा लाल गोल पडल्याशिवाय दांड्याला हात लावत नव्हतो.

सहा वर्षांपूर्वी तिला खाली शहरात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली. बसच्या पायरीवर उभं राहून तिनं विचारलं, "आता पत्रक कोण तपासणार?" मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. निदान एवढं तरी म्हणायचं होतं की आठवण येईल. मी म्हणालो, "जा खुशाल. पत्रक तुझ्यावाचून अडत नाही." माझी जीभ अशीच आहे, वेळेला हमखास वाकडी पडते. ती पायरीवरून वळली. बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो, तो तिच्या आईला. मी मधल्या दारात उभा राहून कान टवकारतो. बायको विचारते, "बोलता का?" मी म्हणतो, "हात शाईचे आहेत." रविवारी माझे हात शाईचे नसतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकदा मी हळूच म्हणालो, "पत्रक मिळतं का विचार." बायकोनं विचारलं. "मिळतं म्हणते," एवढंच उत्तर आलं, आणि त्यावर मी आठवडा काढला.

मग मला एक युक्ती सुचली. पत्रकात मुद्दाम एक चूक सोडायची. आमची खोडरबर ती बघून गप्प बसणं शक्यच नव्हतं. लाल गोल काढून कागद परत पाठवेल, नाहीतर फोनवर म्हणेल, द्या बाबांना जरा. म्हणून मी पुलाच्या कठड्याला सतराऐवजी अठरा खांब लिहिले. वाट बघितली. पुढच्या गुरुवारी शाळेची घंटा पितळेऐवजी लोखंडाची केली. नंतर बेकरीवाल्याला दहा वर्षांनी म्हातारा केला. तो पत्रक घेऊन भांडायला आला, "मास्तर, माझं लग्न जमत होतं ते मोडाल." तो तीन नातवांचा आजोबा आहे.

अशी सहा वर्षं गेली. कोणाचं नुकसान होईल अशी चूक करायची नाही, एवढा नियम मी पाळला. गावात बोलणं सुरू झालं की मास्तरांची नजर गेली, आता डोकंही चाललंय. मी ऐकून घेतलं. टपालवाला दिसला की मी फाटकापर्यंत जायचो. तो लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा.

गेल्या महिन्यात नर्सबाई निवृत्त झाल्या. बत्तीस वर्षं त्यांनी आमचा दवाखाना सांभाळला, निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, माझी लेकसुद्धा. त्यांचा निरोप समारंभ सभागृहात ठरला. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम चारलाच असतो. साडेपाचला सूर्य डोंगराआड जातो आणि सभागृहात हुडहुडी भरते, त्यामुळे दुसरी वेळ कधी ठेवलीच नाही. त्या आठवड्यात लेकीला जाऊन सहा वर्षं पूर्ण होत होती आणि माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी चारच्या जागी पाच लिहिलं. वाटलं, गावाला वेळ पाठ आहे, पत्रक बघून कोण येतंय. लेक मात्र वाचून ताडकन उठेल.

मी चारला गेलो. सभागृहात नर्सबाई एकट्या होत्या. नवी साडी, मांडीवर पर्स, समोर साठ रिकाम्या खुर्च्या. गावानं माझ्या डोक्याची कितीही टिंगल केली तरी छापलेल्यावर विश्वास ठेवला होता. पाचला सगळे आले. भाषणं अंधारात उरकली, चहा गार झाला. नर्सबाई हसून सगळ्यांना भेटल्या. तो तासभर त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार केला की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. "वेळ माझ्यामुळे चुकली," म्हणालो.

"बत्तीस वर्षं लोक बाकावर बसून माझी वाट बघायचे, मास्तर," त्या म्हणाल्या. "एक तास मी बघितली. वाटलं, कोणी येणारच नाही. बसा, चहा ठेवते."

चहा अर्धा टाकूनच मी उठलो. घरी येऊन ठरवलं, हा खेळ पुरे. लेकीला बोलायचं नसेल तर नसो. पुढचा अंक मी चार वेळा तपासला. पायऱ्या त्रेसष्ट, खांब सतरा, घंटा पितळेची, बेकरीवाला अडुसष्ट वर्षांचा. लेक गेल्यापासून इतका निर्दोष अंक निघाला नव्हता. पाकीट चिकटवायच्या आधी मात्र तो मी दोनदा बाहेर काढला. लेकीला हाक मारायचं एकच साधन माझ्याकडे होतं आणि ते मी स्वतःच्या हातानं बंद करत होतो.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी फोन वाजला. बायको बाजारात गेली होती, मी दांडा फिरवत होतो. शाईच्या हातानं रिसीव्हर उचलला.

"बाबा?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, या अंकात चूक नाही," लेक म्हणाली. "मी तीनदा वाचला. खांब बरोबर, घंटा बरोबर, सगळं बरोबर. तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे," मी म्हणालो. "तुला दिसत होत्या चुका?"

"दर आठवड्याला. पहिला अंक आला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पत्रक माझ्यावाचून अडत नव्हतं ना," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर येऊन सांगाल म्हणून थांबले होते. दर रविवारी थांबत होते."

मी भिंतीला टेकलो. सहा वर्षं मी दारात उभा होतो आणि तीही तिकडे तशीच उभी होती, दोघंही एकाच हट्टाचे.

"अडतं," मी म्हणालो. "तू गेलीस त्या दिवसापासून अडलंय."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नर्सबाईंना खरं सांगितलंत का? ते पाच तुम्ही मुद्दाम घातलंत म्हणून?"

"नाही."

"आजच सांगा. आणि लाल पेन्सिल घ्या. सगळे अंक माझ्यासमोर आहेत. पहिला अंक, खांब सतरा. दुसरा, घंटा पितळेची. तिसऱ्यात दोन चुका आहेत."

"दोन नाहीत, मी एकच केली होती."

"दुसरी तुमच्या हातून आपोआप झाली, बाबा," लेक म्हणाली. "लिहून घ्या."