तिसऱ्या रांगेतली बाई

डिस्कच्या कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. बाजारात जाण्याआधी प्रत्येक डिस्क अथपासून इतिपर्यंत पाहायची, कुठे चित्र फाटतंय, कुठे आवाज खरखरतोय ते धरायचं, हे तिचं काम. तिच्या नजरेतून डाग सुटला असं कधी झालं नाही. असल्या नजरेच्या बाईशी संसार करणं सोपं नव्हे, पण तिच्या नवऱ्याने आजवर तक्रार केली नव्हती. हल्ली तर तो फारसं बोलतच नव्हता.

नवरा म्हणजे घोगऱ्या. रॉक बँडचा गायक; हे नाव त्याला चाहत्यांनी दिलेलं, आणि गळा ऐकला की का दिलं ते विचारावं लागत नसे. सिनेमावाल्यांनाही तो फार आवडे. त्याला अभिनय येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून गोष्टीत काम देत नसत. हिरो-हिरॉइन भांडतात त्या बारमध्ये मागे गाणारा तो, तुरुंगातल्या समारंभात गाणारा कैदी तो, आणि एकदा तर तिरडीवरून उठून गाणारं प्रेतसुद्धा तोच. सिनेमांतले हे सगळे तुकडे आणि जोडीला त्याच्या कॉन्सर्ट, असा डिस्कचा मोठा संच निघणार होता. तपासणीला तो आला नेमका घारीच्या टेबलावर.

“घरी बघायचं आणि कामावरही तोच! कुठल्या जन्मीचं पाप गं हे?” शेजारच्या टेबलावरची काकू म्हणाली.

“घरी कुठे दिसतो तो?” घार म्हणाली, आणि काकूने पुढे थट्टा केली नाही.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. पहिला फेर मुका. आवाज पूर्ण बंद करून नुसतं चित्र बघायचं, कारण गाणं सुरू झालं की डोळे आळशी होतात. त्या मुक्या फेरातच तिला ती बाई दिसली. पिवळा स्कार्फ, केस मागे घट्ट बांधलेले, वय साधारण तिच्याएवढंच, रूपाने काही अप्सरा नाही. कॉन्सर्टमध्ये तिसऱ्या रांगेत, बरोबर मधोमध. दुसऱ्या कॉन्सर्टमध्येही तिथेच. असेल एखादी वेडी चाहती, म्हणून घारीने सोडून दिलं. पण सिनेमातल्या बारमध्ये कोपऱ्यात ग्लास घेऊन बसलेली कोण? तीच! तुरुंगात कैद्यांच्या नातेवाइकांत? तीच. प्रेताच्या सिनेमात तर छाती पिटणाऱ्या बायकांत बया सगळ्यात पुढे!

आणि घोगऱ्याची नजर? ती तिच्यावरून हलत नव्हती. हजारो लोक ओरडतायत, नाचतायत, आणि हा बाबा त्या एकीच्या तोंडाकडे डोळे लावून उभा. ती ओठ हलवून काहीतरी बोलायची, मान डोलवायची, आणि हा लहान पोरासारखा हसायचा. असं तो बायकोकडे बघून शेवटचा कधी हसला होता?

घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि संशयाला काय, जागा मिळाली की तो पाय पसरतोच. गेलं वर्षभर घोगऱ्या फोन उचलत नव्हता. “मेसेज कर” म्हणायचा. दर बुधवारी कुठेतरी जायचा आणि विचारलं तर “रिहर्सल” म्हणायचा, पण गिटार घरीच असायची. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. जेवताना मात्र समोरच बसायचा आणि टक लावून तिच्या तोंडाकडे बघायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तिने ड्रमरला फोन केला. लग्नापासूनचा धाकट्या दिरासारखा, खोटं बोलता न येणारा माणूस.

“भाऊजी, पिवळ्या स्कार्फवाली कोण?”

“वहिनी, ते... तुम्ही त्यालाच विचारा ना,” म्हणून त्याने फोन ठेवला.

संपलं! पाणी मुरत होतं आणि कुठे ते सगळ्या बँडला माहीत होतं, फक्त तिला सोडून. तिने बहिणीला कळवलं, बॅग भरून कारखान्यातच आणून ठेवली. संच पास करायचा, घरी जाऊन तोंडावर चार शब्द सुनावायचे आणि निघायचं. काम अर्धं टाकून जायची तिला सवय नव्हती. नवरा टाकून जायची तरी कुठे होती?

राहिला होता दुसरा फेर, आवाजासकट. दात-ओठ खात तिने हेडफोन चढवला.

पहिल्याच गाण्यात तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळी गर्दी घोगऱ्याच्या मागून गात होती, पिवळी मात्र त्याच्या आधी. ओळीतला पहिला शब्द तिच्या ओठांवर यायचा आणि मग त्याच्या गळ्यात. घारीने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. दर ओळीला तेच.

आणि मग एक ताडमाड माणूस नाचायला म्हणून पिवळीच्या पुढ्यात उभा राहिला. घोगऱ्या थांबला. सुरुवातीची सुरावट वाजून गेली तरी हा गप्प. बँडने ती पुन्हा वाजवली. घोगऱ्या डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, जत्रेत चुकलेलं पोर आईला शोधतं तसं रांगेत काहीतरी शोधत राहिला. ड्रमरने पायाने स्टेजची फळी जोरात आपटली, तेव्हा त्याने दचकून खाली पाहिलं. लोकांना ती स्टाइल वाटली. काय त्या शिट्ट्या, काय टाळ्या! ताडमाड माणूस खाली बसला, पिवळीचे ओठ दिसले, आणि घोगऱ्या गायला लागला.

पण घारीने त्याचा तो चेहरा पाहिला होता. तो घाबरला होता.

“काय गं, डाग सापडला?” काकूने विचारलं.

“नाही,” घार म्हणाली. तिने तोच तुकडा पुन्हा मागे नेला.

तरीही संशय एवढ्याने मरत नाही. घरी ती बॅग घेऊनच गेली. घोगऱ्या दाराकडे पाठ करून खिडकीशी बसला होता, गिटारच्या लाकडावर हनुवटी दाबून तारा लावत होता.

“मी बहिणीकडे चाललेय,” ती त्याच्या पाठीला म्हणाली.

त्याने खुंटी पिळली.

“तुझी पिवळी भेटली मला.”

दुसरी खुंटी.

“अरे, घराला आग लागलीय!” ती घसा फोडून ओरडली. तो शांतपणे तार छेडत राहिला. तिच्या हातून बॅग सुटली आणि जमिनीवर आदळली. तो ताबडतोब वळला.

“अगं, कधी आलीस?” मग त्याला बॅग दिसली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “कधीपासून ऐकू येत नाही?”

त्याने कानावर हात ठेवायचा प्रयत्नही केला नाही. “हळूहळू गेलं. स्पीकरच्या पुढ्यात जन्म काढला ना. जाड आवाज अजून थोडे कळतात. बायकांचे आधी गेले.”

“आणि ती?”

“बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. बुधवारी मला ओठ वाचायला शिकवते. तिच्याशिवाय गाणं कुठे उचलायचं ते कळत नाही.”

“तिला माहीत, बँडला माहीत, आणि मी कोण? शेजारीण?” घार कडाडली. “अरे, भानगड असती तर बरं झालं असतं! तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या मी!”

“तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी हळू हळू बोलायला लागली असतीस. बाकी सगळे लागलेच. तोंड भरून भांडणारी तू एकटीच उरलीस.”

तिला त्याचा राग आला, ड्रमरचा आला, आणि त्याने वर्षभर धरलेल्या अबोल्याचा सगळ्यात जास्त आला. ती त्याच्या समोर खाली बसली. एकच प्रश्न उरला होता.

“माझा आवाज शेवटचा कधी ऐकलास?”

त्याने तिचे ओठ नीट वाचले. उत्तर द्यायला त्याला आठवावं लागलं नाही.

“गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात. तू किल्ली विसरली होतीस आणि दाराबाहेर उभी राहून मला शिव्या घालत होतीस. शेवटचंच ऐकतोय हे ठाऊक असतं,” तो म्हणाला, “तर दार इतक्या लवकर उघडलं नसतं.”